टिपणीस साहेब आणि चौथी सीट

रिक्षा उलटली तेव्हा टिपणीस साहेब माझ्या अंगावर पडले होते आणि माझ्या कानाशी विचारत होते, "इंदूबाई, आपण एकूण किती जण होतो?"

मी म्हटलं, "साहेब, आधी माझ्या हातावरून उठा."

कळव्याच्या खाडीपुलाचा उतार होता. सकाळचे साडेसात वाजले असतील. रिक्षाचं एक चाक वर फिरत होतं. कॉलेजची एक मुलगी माझ्या पायाशी पडून "मम्मी, मम्मी" करत होती. रिक्षावाला रस्त्याच्या मधोमध बसून स्वतःचं डोकं चाचपत होता. ज्या डंपरनं समोर अचानक ब्रेक मारला तो निघून गेला होता. साहेबांचा चष्मा फुटला होता आणि खांद्याचं हाड मोडलं होतं, पण ते त्यांना अजून कळलं नव्हतं. ते चांगल्या हाताच्या बोटांवर मोजत होते.

"रिक्षावाला एक. तुम्ही दोन, मी तीन, ही मुलगी चार..."

"कमळ पाच," मी म्हटलं. "ती पुढे बसली होती."

"चौथी सीट," साहेब म्हणाले.

दुसऱ्या कोणाला वाटलं असतं, म्हाताऱ्याच्या डोक्याला मार लागलाय. मला तसं वाटलं नाही. मी त्यांच्या घरी अकरा वर्षं पोळ्या केल्या होत्या. डोक्याला मार लागायच्या आधीही ते असेच होते.

टिपणीस साहेब शहरात बस चालवणाऱ्या एका कंपनीत होते. कंपनीचं नाव लिहीत नाही. आता ती कंपनीही नाही आणि बसचा रंगही बदलला. तिकीट किती असावं हे ठरवणं, हे साहेबांचं काम. मला आधी वाटायचं, ते कोणीतरी असंच ठरवत असेल, दूधवाला ठरवतो तसं. तसं नसतं. त्याचं गणित असतं, आणि ते गणित टिपणीस साहेबांइतकं कोणाला येत नाही असं कंपनीत मानायचे. वहिनी, म्हणजे त्यांची बायको, म्हणायच्या, "दुसऱ्या कोणाला ते करायचंच नसेल."

कंपनीची गाडी त्यांना न्यायला यायची. ते ती परत पाठवायचे आणि बसनं जायचे. जागा असली तरी उभे राहायचे. बसलं की लोक दिसत नाहीत म्हणायचे. खिशात तिकिटांचा गठ्ठा, त्यांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर बारीक अक्षरात काहीतरी लिहिलेलं. आणि कोणालाही विचारायचे, "तुम्ही कुठून चढलात? ही बस आली नसती तर कशानं गेला असता?" एकदा एका बाईनं कंडक्टरला हाक मारली. "हा म्हातारा मला विचारतो, मी रोज कुठे जाते!" कंडक्टर हळूच म्हणाला, "बाई, ते आमचे साहेब आहेत." ती म्हणाली, "मग तर जास्तच लाज वाटायला पाहिजे." ही गोष्ट साहेबांनीच घरी येऊन सांगितली. त्यात त्यांना लाज वाटण्यासारखं काही दिसलं नव्हतं. बाईनं उत्तर दिलं नाही, एवढंच वाईट वाटलं होतं.

मूळचे डोंबिवलीचे. लग्न तिथेच झालं, बुधवारी दुपारी. "हॉल स्वस्त मिळतो म्हणून," वहिनी मला सांगायच्या. "गर्दीच्या वारी भाव जास्त, रिकाम्या वारी कमी, हे यांनी माझ्या बापाला तासभर समजावलं. निम्मे पाहुणे ऑफिसात होते. जेवण उरलं. ते गणितात नव्हतं."

साहेबांचा सगळ्यात आवडता शब्द होता लवचिकता. भाव वाढला की माणसं किती पळतात, ती लवचिकता. जास्त पळाली तर लवचिकता जास्त, चिकटून राहिली तर कमी. हे मी अकरा वर्षं ऐकलं, त्यामुळे मला येतं. मी चौथीपर्यंत शिकले. पण पोळ्या लाटताना कान मोकळे असतात.

मासे आणायला साहेब स्वतः जायचे, पिशवी धरायला मला न्यायचे. पापलेटचा भाव ऐकून त्यांनी एकदा कोळणीला सांगितलं, "तुमच्या पापलेटची लवचिकता जास्त आहे. भाव वाढवलात तर मी बोंबील घेईन."

ती म्हणाली, "म्हावरा हाय यो, रबर नाय. घ्याचा हाय त घे, नाय त फुडं चाल."

साहेबांनी बोंबील घेतले. कोळणीनं बोंबलाचा भावही वाढवून सांगितला होता, ते त्यांना घरी आल्यावर कळलं. वहिनी पोट धरून हसल्या.

आम्हा कळव्याच्या नऊ-दहा बायकांचं आयुष्य त्या बसवर होतं. कळव्यातून निघून ठाण्यावरून घोडबंदर रोडच्या टॉवरांत जायची ती बस. पहिलं घर आठला. आठला पोचलं नाही तर टॉवरातली बाई तोंड वाकडं करते, तीन वेळा झालं की दुसरी बाई बघते. साहेबांचा फ्लॅट माझं पहिलं घर. कमळ त्यांच्याच वरच्या मजल्यावर स्वयंपाक करायची. कमळ मूळची कळव्याचीच, मिठागरात काम करणाऱ्या घरातली. तिच्या चुलत्यांच्या जमिनी विकल्या गेल्या, त्यांचे बंगले झाले. हिच्या वाट्याला मीठ उचलून झिजलेले गुडघे आले. नवरा नव्हता. एक मुलगी होती. कमळ कोणापुढे हात पसरत नसे आणि ते सगळ्यांना सांगतही असे.

साहेबांच्या निवृत्तीला वर्ष राहिलं होतं. तेव्हा कंपनीनं तिकीट वाढवायचं ठरवलं. किती वाढवायचं ते साहेब सांगणार होते. ते ओट्यापाशी येऊन उभे राहिले.

"इंदूबाई, मीठ महाग झालं तर तुम्ही आमटीत कमी घालाल का?"

"नाही."

"बघा. बस म्हणजे मीठ. लोकांना दुसरं काही नाही."

"मिठाला दुसरं काही नाही, साहेब. बसला रिक्षा आहे. शेअरची."

"ती मी धरली आहे," ते खूश होऊन म्हणाले. "तिघांत भाडं वाटलं तर माणशी बसपेक्षा खूपच जास्त पडतं."

"चौघं बसतात."

"कायद्यानं तीनच."

"कायद्यानं तीन. चौथी सीट पुढे, रिक्षावाल्याच्या बाजूला. त्यावरच तर त्याला परवडतं."

साहेबांनी मान हलवली. "जी सीट कायद्यात नाही ती मी कंपनीच्या कागदावर कशी दाखवू?"

मी पुढची पोळी तव्यावर टाकली. माझं काय जात होतं?

मग त्यांनी ठरवलं की लोकांना विचारायचं. कंपनीनं नेमलेली माणसं झाडाखाली बसून कागद भरतात असा त्यांचा संशय होता, तेव्हा रविवारी स्वतः आमच्या चाळीत आले. ओळीनं घरं घेत निघाले. चौथं घर कमळचं. दार उघडं, कमळच्या अंगावर ठेवणीतली साडी, खुर्च्यांपैकी दोन माझ्या. दिवा गावचे पाहुणे मुलीला बघायला आलेले. मुलगा, त्याची आई आणि एक मामा.

मी साहेबांची बाही ओढली. "इथे नको. हे घर नंतर."

"मधलं घर सोडलं की सगळं बिघडतं," असं म्हणून ते आत गेले.

कमळ जराही डगमगली नाही. पाहुण्यांना म्हणाली, "हे बसचे मोठे साहेब. येतात आमच्याकडं." साहेबांना खुर्ची मिळाली, पोहे मिळाले. पोहे खाल्ल्यावर त्यांनी कागद काढला.

"कमळबाई, कामाला कशानं जाता?"

"बसनं."

"तिकीट वाढलं तर परवडेल?"

मुलाच्या आईचा चमचा हवेत थांबला. मुलगी दाराआडून आईकडे बघत होती.

"परवडंल की," कमळ म्हणाली. "न परवडायला काय झालं? आमी काय भिकारी हाव?"

"किती वाढेपर्यंत परवडेल?"

"किती पन वाढू द्या."

"आणि बस चुकली तर?"

कमळनं माझ्याकडे बघितलं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं.

"तवा टॅक्सी," कमळ म्हणाली.

साहेबांनी लिहिलं, टॅक्सी.

मुलाची आई मागे राहणारी नव्हती. "आम्हीसुद्धा आत्ता टॅक्सीनंच आलो," ती म्हणाली. साहेबांनी तेही लिहून घेतलं.

हे सगळं दारातून चाळीनं ऐकलं. मग कमळला टॅक्सी परवडते आणि आपल्याला बस परवडत नाही, असं कोण म्हणेल? एकजात सगळ्या म्हणाल्या, परवडतं. भाजीवाल्याला आम्ही दिवसातून दहा वेळा परवडत नाही म्हणतो. ते भाव पाडण्यासाठी असतं, त्यात लाज नाही. हातात कागद घेतलेल्या माणसाला कोणी तसं म्हणत नाही. कागदावर गेलं की ते खरं होतं.

शेवटी मला विचारलं. माझा पगार त्यांच्याच घरून यायचा. परवडत नाही म्हणाले असते तर पगारवाढ मागितल्यासारखं झालं असतं. मीही म्हणाले, परवडतं.

कमळच्या मुलीचं लग्न ठरलं. आणि तिकीट वाढलं, भरपूर वाढलं.

पहिल्या महिन्यात बस तितकीच भरलेली. साहेब पेढे घेऊन आले. वहिनींनी विचारलं, "कोणाचा वाढदिवस?" साहेब म्हणाले, "लवचिकता अगदी कमी निघाली. माणसं हललीच नाहीत."

मी तेव्हा फावल्या वेळात परकर शिवायचे. मी म्हटलं, "साहेब, नवं इलॅस्टिक पहिल्या धुण्यात सैल होत नाही. सहा महिने जाऊ द्या. मग बघा काय खाली येतं."

वहिनी हसल्या. साहेब हसले नाहीत. खिशातून तिकीट काढून त्यावर काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते मी विचारलं नाही.

लोक लगेच पळत नाहीत, कारण पळायला सोय लागते. ती करायला वेळ जातो. एकीच्या मुलानं हप्त्यावर स्कूटर घेतली. एकीनं टॉवरातलं काम सोडून कळव्यातच कमी पगाराचं धरलं. एक जण गावी गेली. कमळ आधी पूल चालत ओलांडायची आणि पलीकडच्या स्टॉपवर बसमध्ये चढायची, म्हणजे एक टप्पा वाचायचा. गुडघ्यांनी ते फार दिवस चालू दिलं नाही. मग ती शेअर रिक्षाला लागली. मागोमाग मीही लागले. दिवाळीनंतर बस निम्मी रिकामी धावायला लागली. कंपनीनं फेऱ्या कमी केल्या. फेऱ्या कमी झाल्यावर उरलेलेही गेले. तोवर साहेब निवृत्त झाले होते. निरोपाच्या भाषणात त्यांना कंपनीचा मेंदू म्हटलं होतं, शाल दिली होती.

घरी बसून साहेबांना चैन पडेना. जुने कागद पुन्हा तपासले, बेरजा बरोबर होत्या. "सगळं बरोबर आहे," ते आठवडाभर म्हणत होते. "मग माणसं गेली कुठे?"

"रस्त्यावर जाऊन बघा," मी म्हटलं.

वहिनी म्हणाल्या, "नोकरी संपली, आता कोणाला मोजताय?" पण साहेब निघाले. पहाटे उठून ठाण्याला, तिथून कळवा नाक्यावर. मी आणि कमळ रिक्षाच्या रांगेत होतो. साहेब स्टँडच्या कडेला उभे राहून तिकिटांच्या पाठीवर रेघा मारत होते. बऱ्याच रिक्षा बघून झाल्यावर आमच्यापाशी आले. चेहरा उतरला होता.

"इंदूबाई, प्रत्येक रिक्षात चार."

"मी सांगितलं होतं."

"एकही रिक्षा तिघांची गेली नाही. एकसुद्धा."

आमची रिक्षा आली. कॉलेजची मुलगी आत सरकली, मग मी, मग कमळ. साहेब रिक्षावाल्याला म्हणाले, "झाले तीन. चला."

रिक्षावाला म्हणाला, "काका, तीन नेऊन माझ्या पोरांना काय मोजून दाखवू? चौथा येईल तेव्हा निघेल."

"मग चौथा मी," साहेब म्हणाले. त्यांना आत बसून बघायचं होतं. ते पुढे बसायला निघाले तशी कमळ खाली उतरली.

"साहेब, तुमी मागं बसा."

"नाही नाही, कमळबाई, तुम्ही बसा."

"तुमी पुढं बसनार? लोक आमाला काय बोलतील? बसा गुमान. मी बसतंय पुढं."

साहेब दोनदा नाही म्हणाले. तिसऱ्यांदा म्हणाले नाहीत. मागे बसलं की लिहायला हात मोकळा राहतो. कमळ रिक्षावाल्याच्या शेजारी अर्धी सीटवर, अर्धी बाहेर अशी बसली, डबा मांडीवर. जाताना मागे वळून म्हणाली, "साहेब, ही आमची टॅक्सी." रिक्षावालासुद्धा हसला. पुलाचा उतार लागेपर्यंत आम्ही सगळे हसत होतो.

दवाखान्यात कमळला आत नेलं. आम्ही बाहेरच्या बाकावर. साहेबांचा हात गळ्यात बांधलेला, माझ्या मनगटाला पट्टी. कमळची मुलगी आणि तिची सासू दिव्याहून आल्या. मुलगी आत धावली. सासू साहेबांसमोर उभी राहिली. चाळीत पोहे खाताना भेटलेली तीच.

साहेब म्हणाले, "त्यांना टॅक्सी परवडते असं त्यांनी मला सांगितलं होतं."

"टॅक्सी?" ती म्हणाली. "तिला बस परवडत नव्हती. आम्हाला तेव्हाच कळलेलं. दोन खुर्च्या शेजारच्या होत्या, मागे नाव लिहिलेलं."

"पण तुम्हीही टॅक्सीनं आला होता."

"ट्रेननं आलेलो. स्टेशनवरनं चालत. गल्लीच्या तोंडाशी चपला पुसल्या आणि वर आलो."

साहेबांनी विचारलं, "म्हणजे तिथे सगळ्यांना सगळं माहीत होतं?"

"तुम्ही सोडून."

"मग कोणीच कसं बोललं नाही?"

"तुम्ही लिहीत होता ना," ती म्हणाली आणि आत गेली.

साहेबांच्या खिशात त्या सकाळची तिकिटं होती. त्यांनी ती काढली, बघितली आणि बाकावर ठेवून दिली. निघताना मी ती उचलून दिली. त्यांनी घेतली नाहीत. मी कचऱ्याच्या डब्यात टाकली. अकरा वर्षांत त्यांनी टाकून दिलेली ती पहिली तिकिटं.

खांदा जुळायच्या आधीच त्यांनी कंपनीला लांबलचक पत्र लिहिलं, डाव्या हातानं. वहिनींनी मला वाचून दाखवलं. माझं गणित चुकलं, मी रिक्षात तीन माणसं धरली, मी चारचौघांत प्रश्न विचारला, तिकीट पूर्ववत करावं, असं सगळं. कंपनीचं उत्तर आलं की आपल्या सूचनेची नोंद घेतली आहे आणि आपली प्रकृती लवकर सुधारो. साहेब स्वतः कंपनीच्या ऑफिसात जाऊन बसायला लागले. तिथल्या नव्या साहेबांना ते भिंतीला टेकून ठेवलेल्या छत्रीसारखे झाले. असेल तर असेल, नसेल तर नसेल. तिकीट शेवटी कमी झालं, पण ते निवडणूक आली म्हणून. पेढे दुसऱ्याच कोणीतरी वाटले. साहेबांना मी ते सांगितलं तेव्हा म्हणाले, "कमी झालं ना? मग झालं."

मनगट नीट जुळलं नाही म्हणून मी पोळ्यांचं काम सोडलं, त्यानंतर साहेबांचं घर सुटलं. पण ते दिसायचे. घोडबंदरला मेट्रोच्या खांबांमधून वाट काढत, दोन बस बदलून, रोज सकाळी कळव्याला यायचे. मोजायचे नाहीत. आमच्या बायका निघायच्या त्या स्टॉपवर उभे राहायचे.

शेवटचं मी त्यांना तिथेच बघितलं. मी दळण घेऊन परत येत होते. बस लागली होती. साहेब एक पाय पायरीवर आणि एक पाय रस्त्यावर ठेवून उभे, दांडा घट्ट धरून. गल्लीतून चौघी जणी डबे सांभाळत धावत येत होत्या. ड्रायव्हर हॉर्न मारत होता. कंडक्टर ओरडला, "काका, एक तर आत या नाही तर खाली उतरा! रोजची कटकट आहे तुमची!"

"येतायत, येतायत," साहेब म्हणाले. पाय काही हलवला नाही.

चौघी चढल्या. एकीनं जाताना त्यांना धक्का दिला आणि सॉरीही म्हणाली नाही. घाईत होती. मग साहेब चढले आणि बस गेली. मी हाक मारली नाही. डोक्यावर पीठ होतं.

त्या दिवशी रिक्षात पाच माणसं होती. रिक्षावाला वाचला, डोक्याला टाके पडले, अजून रिक्षा चालवतो. कॉलेजची मुलगी वाचली. टिपणीस साहेब वाचले आणि पुढे सहा वर्षं जगले. मी वाचले. कमळ दुसऱ्या दिवशी सकाळी गेली.